लिनक्सवर चुकून पुसलेल्या फायली: आधी मशीन बंदच राहू द्या

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. खानापूर तालुक्यातल्या तुमच्या गावात आणि आसपासच्या वाड्यांवर तीन वर्षं फिरून तुम्ही आज्ज्यांच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. सुमारे ३४० रेकॉर्डिंग, सगळी वेव्ह स्वरूपात, मिळून २८ जीबी. जोडीला सीमाभागातल्या गावोगावच्या साहित्य संमेलनांच्या जुन्या स्मरणिकांचे फोटो, आणि ओव्या ऐकून उतरवलेली लिबरऑफिसची एक मोठी फाइल. सगळं घरच्या डेस्कटॉपवर, उबंटू लिनक्समध्ये, एकाच फोल्डरात. 'जुने' या शब्दाने सुरू होणाऱ्या नको असलेल्या फायली काढायला तुम्ही टर्मिनलवर फायली पुसणारी आरएम कमांड दिली, आणि 'जुने' व तारका (*) यांच्यामध्ये एक स्पेस पडली. फोल्डर रिकामं झालं. कचरापेटीत काहीच नाही. वीसेक मिनिटं शोधाशोध करून तुम्ही मशीन बंद केलं. भाऊ म्हणतो, रिकव्हरीचं सॉफ्टवेअर उतरवून त्याच मशीनवर चालवू या.

भावाला थांबवा. त्याची तळमळ मला कळते, पण जे वाचवायचं आहे त्याच्यावरच तो पाय देईल. बाकीचं पुढे सविस्तर सांगतो, पण एवढं आताच: ते मशीन त्या डिस्कवरून पुन्हा सुरू करायचं नाही. नुसतं बघायलासुद्धा नाही.

तुमची डिस्क ५०० जीबीची, फिरत्या तबकडीची जुन्या प्रकारची हार्ड डिस्क आहे आणि तुम्ही लवकर मशीन बंद केलं. या दोन गोष्टींमुळे मला बरीच आशा वाटते. रेकॉर्डिंगपैकी मोठा भाग परत मिळावा. फोटोही. त्यांची नावं मात्र बहुतेक परत येणार नाहीत, त्याची तयारी ठेवा.

असं का, ते आपल्याकडच्या जमिनीच्या कागदांवरून सांगतो. फोल्डर म्हणजे गावची यादी. त्यात फाइलचं नाव असतं आणि नावापुढे एक क्रमांक, ज्याला आयनोड म्हणतात. आयनोड म्हणजे त्या फाइलचा उतारा: मालक कोण, आकार किती, आणि डिस्कवरचे कोणकोणते तुकडे, म्हणजे कोणते सर्व्हे नंबर, तिच्या ताब्यात आहेत. प्रत्यक्ष मजकूर किंवा आवाज म्हणजे शेतातलं उभं पीक. आरएम चालवलं की यादीतलं नाव कमी होतं. त्या फाइलला दुसरं नाव नसेल आणि कोणताही प्रोग्रॅम ती उघडून बसलेला नसेल, तर ते तुकडे मोकळे म्हणून जाहीर होतात. पिकाला कोणी हात लावत नाही. ते तसंच उभं असतं, दुसरा कोणी तिथे नांगर घालेपर्यंत. सॉफ्टवेअर उतरवणं, ब्राउझर उघडणं, सिस्टिमने आपसूक अपडेट घेणं, या सगळ्यांत नांगर फिरतो. कोणत्या शेतात फिरेल ते आपल्या हातात नसतं.

उबंटूत साधारणपणे एक्स्ट४ ही फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फायली मांडून ठेवण्याची पद्धत, असते. तिच्यात एक अडचण आहे. २००८ च्या अखेरीस एक्स्ट४ लिनक्समध्ये स्थिर म्हणून आली. त्याच्या कितीतरी आधीच्या एक्स्ट२ मध्ये फाइल पुसली तरी उताऱ्यावरचे सर्व्हे नंबर तसेच राहत, त्यामुळे ती परत आणणं सोपं होतं. एक्स्ट३ आणि एक्स्ट४ मध्ये पुसताना ते नंबरही खोडले जातात. यादीत नावाच्या खुणा उरतात, शेतात पीक उरतं, पण कोणतं नाव कोणत्या शेताचं हे सांगणारा कागद कोरा होतो. म्हणून मघाशी म्हटलं की आवाज मिळतील, नावं अवघड आहेत.

आता त्या स्पेसबद्दल. तुम्ही लिहिलंय की स्वतःचीच लाज वाटते. मला हे मनापासून सांगायचंय की यात लाजण्यासारखं काही नाही. तारका आरएमपर्यंत पोहोचतच नाही. टर्मिनलमधला शेल तिच्या जागी आधीच फायलींची नावं भरतो आणि ती तयार यादी आरएमच्या हाती देतो. 'जुने' ला चिकटून तारका असती, तर 'जुने' ने सुरू होणारी नावं भरली गेली असती. मध्ये स्पेस पडल्यावर शेलला दोन वेगळ्या गोष्टी दिसल्या: एक 'जुने' नावाची फाइल, आणि एक सुटी तारका, म्हणजे फोल्डरातलं सगळं. आरएमला जे दिलं ते त्याने पुसलं. २०११ साली बंबलबी नावाच्या एका मुक्त प्रकल्पाच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये हीच चूक झाली होती. यूएसआर या मुख्य फोल्डरनंतर एक स्पेस पडली आणि लोकांच्या लॅपटॉपवरचं ते अख्खं फोल्डर उडालं. ते लिहिणारे रोज प्रोग्रॅमिंग करणारे लोक होते. आरएम युनिक्सच्या सुरुवातीच्या काळापासून, १९७१ पासून आहे, आणि दिलेलं पुसण्याआधी ते सहसा विचारत नाही. आता निदान मुळाचं, म्हणजे ज्याच्या पोटात बाकी सगळी फोल्डरं असतात त्याचं, अख्खं झाड पुसायला सांगितलं तर ते नकार देतं, पण तुमचं फोल्डर हे काही मूळ नव्हे.

या तारकेची एक बाजू तुमच्या फायद्याची आहे. नुसती तारका टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फायलींना धरत नाही. म्हणजे त्या फोल्डरात तशा काही फायली असतील तर त्या अजून जागेवर असतील, आणि घरच्या फोल्डरातली लपलेली फोल्डरं तर पूर्ण शाबूत आहेत. त्यांचा उपयोग पुढे येतो.

डिस्कला हात लावण्याआधी मी तुम्हाला दुसरंच काम सांगणार आहे. चोवीस वर्षं हे काम करतोय, आणि माझा अनुभव असा की हरवलेली फाइल डिस्कवरून जितकी परत येते त्याहून जास्त माणसांकडून परत येते. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचे सर्व्हर मी सांभाळत होतो तेव्हाची गोष्ट. पंपाच्या कास्टिंगची आठ-नऊ वर्षांची ड्रॉइंग एका फोल्डरात होती. एका संध्याकाळी ते फोल्डर कोणाच्या तरी हातून पुसलं गेलं. कोणाला पत्ता नाही. रात्री दोन वाजता मीच लावून ठेवलेला आरसिंक, म्हणजे बॅकअपची प्रत करणारा प्रोग्रॅम, चालला. मूळ जागी जे नाही ते बॅकअपमधूनही काढून टाक, असा पर्याय मी त्यात घातला होता, दोन्हीकडे सारखं राहावं म्हणून. सकाळपर्यंत दोन्हीकडे खरोखरच सारखं झालं होतं. ड्रॉइंग दोन्हीकडे नव्हती. दोन दिवस मी डिस्क खरवडत होतो. हाती आलं ते एक-तृतीयांशही नसेल. बाकीचं कुठून आलं? पॅटर्न करणाऱ्या मिस्त्रींनी प्रत्येक कामाची सीडी पेटीत जपून ठेवली होती. गिऱ्हाइकांच्या ईमेलमध्ये मंजूर झालेली ड्रॉइंग होती. मशीन शॉपमधल्या एकाने स्वतःच्या सोयीसाठी पेनड्राइव्हवर घेतलेली होती. आठवडाभर सगळ्यांना हात जोडत फिरलो, आणि जवळपास सगळं जमलं.

तुमच्या बाबतीत सगळ्यात आधी रेकॉर्डर बघा. तुम्ही पहिल्या वर्षी फोनवर आणि नंतर हातातल्या रेकॉर्डरवर आवाज घेतले असं लिहिलंय. त्या रेकॉर्डरचं मेमरी कार्ड आत्ताच्या आत्ता बाहेर काढा आणि त्यावर काहीही नवं घेऊ नका. कार्डावरून फायली संगणकावर घेतल्यावर तुम्ही ते मोकळं केलं असणार, पण तिथेही तेच तत्त्व लागू होतं. कार्डावरची फाइल सिस्टिम फॅट३२ किंवा एक्सफॅट असते, आणि तिथे पुसल्याची खूण बारीक असते. फॅटमध्ये नावाचं पहिलं अक्षर बदलतं, बाकीचं नाव आणि फाइल कुठून सुरू झाली ही माहिती राहते. त्यामुळे टेस्टडिस्क नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम कार्डावरच्या फायली नावासकट दाखवू शकतो. तीच कार्डं पुन्हा पुन्हा वापरली असतील तर जुन्या हंगामातलं वरच्यावर लिहिलं गेलेलं असेल, पण शेवटच्या फेरीतलं बरंचसं मिळावं. फोनमधलं कार्ड असेल तर त्यालाही हाच नियम.

मग फोन लावा. कोणत्या आज्जीच्या नातवाला तुम्ही रेकॉर्डिंग पाठवलं होतं? व्हॉट्सअॅपवरून डॉक्युमेंट म्हणून पाठवलं असेल तर ते मूळ दर्जाचंच असतं, साधं ऑडिओ म्हणून किंवा व्हॉइस नोट म्हणून गेलं असेल तर दर्जा कमी असू शकतो, तरी ओवी ऐकू येते. पुण्या-मुंबईला किंवा गोव्याला नोकरीला असलेल्या मुलांच्या फोनच्या मीडिया फोल्डरात ही रेकॉर्डिंग पडून असतात, त्यांनाही आठवत नसतं. स्मरणिकांसाठी संमेलनाच्या समितीतल्या जुन्या लोकांना विचारा, आणि छापणाऱ्या प्रेसला. बेळगावातल्या डीटीपीवाल्यांकडे दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या पानांच्या फायली कपाटातल्या सीडींवर निघालेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी अशा गावांच्या संमेलनांच्या स्मरणिका घरोघरी ट्रंकेतही असतात. कागद हाती असेल तर फोटो पुन्हा काढता येतो. आवाजाचं तसं नाही, काही आज्ज्या आता नाहीत हे तुम्हीच लिहिलंय. म्हणून माझा सगळा जोर रेकॉर्डिंगवर आहे.

आता डिस्क. बाजारातून एक टेराबाइटची बाहेरून जोडायची डिस्क आणा, कारण जिची नक्कल करायची तिच्यापेक्षा मोठी जागा लागते. ती डिस्क फॅट३२ मध्ये असेल तर चालणार नाही, तिथे ४ जीबीहून मोठी एक फाइल बसत नाही. एक्स्ट४ किंवा एनटीएफएस करून घ्या. दुसऱ्या संगणकावर एका पेनड्राइव्हवर उबंटूची लाइव्ह आवृत्ती, म्हणजे डिस्कवर न बसवता चालणारी, तयार करा, आणि तुमचं मशीन त्या पेनड्राइव्हवरून सुरू करा. सुरू होताना 'इन्स्टॉल' नाही, 'ट्राय' निवडायचं. इथे घाई करू नका. बूटचा मेनू कोणत्या बटणाने येतो हे आधी खात्रीने बघून ठेवा, नाहीतर मशीन जुन्याच डिस्कवरून सुरू होईल. धाकधूक वाटत असेल तर डिस्क काढून दुसऱ्या मशीनला यूएसबी केसमधून लावणं जास्त सुरक्षित.

लाइव्ह उबंटूत फाइल मॅनेजर उघडून डिस्कवर क्लिक करू नका, क्लिक केलं की ती माउंट होते, म्हणजे वापरासाठी सिस्टिमला जोडली जाते. पुष्कळांना वाटतं की केवळ वाचण्यासाठी माउंट केलं की डिस्कवर काही लिहिलं जात नाही. एक्स्ट४ मध्ये हे पूर्ण खरं नाही. मशीन नीट बंद झालं नसेल, तर केवळ-वाचन माउंट करतानाही ती आपलं जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, पुन्हा चालवते, म्हणजे डिस्कवर लिहिते. ते टाळायला माउंटच्या पर्यायांमध्ये 'आरओ' सोबत 'नोलोड' द्यावं लागतं. पण आपल्याला आत्ता माउंट करायचंच नाही. आधी अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल, इमेज, करायची, आणि पुढचे सगळे प्रयोग त्या इमेजवर. मूळ डिस्क नंतर कपाटात.

इमेजसाठी जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा. उबंटूत त्याच्या पॅकेजच्या नावात सुरुवातीला एक जादा 'जी' आहे, आणि त्यासाठी उबंटूचं 'युनिव्हर्स' नावाचं सॉफ्टवेअरचं भांडार चालू करावं लागतं. लाइव्ह आवृत्तीत हे सगळं मेमरीत बसतं, डिस्कवर नाही. कमांडमध्ये आधी मूळ डिस्क, मग इमेज फाइलचं नाव, मग नकाशा फाइलचं नाव, याच क्रमाने. मूळ आणि नक्कल यांची उलटापालट झाली तर रिकाम्या डिस्कने भरलेली डिस्क पुसली जाईल. म्हणून आधी एलएसबीएलके कमांडने डिस्कांचे आकार बघा, कोणती ५०० जीबीची आणि कोणती टेराबाइटची ते कागदावर लिहा, आणि एंटर दाबण्याआधी भावाला मोठ्याने वाचून दाखवा. हे मी आजही करतो.

नकाशा फाइल विसरू नका, कारण खानापुरात पावसाळ्यात करंट कधी जाईल याचा नेम नाही. ५०० जीबीची नक्कल यूएसबी ३ वर दीड-दोन तासांत होते, जुन्या यूएसबी २ वर साडेचार-पाच तास लागतात. मध्येच करंट गेला, यूपीएस दमला, तरी कुठपर्यंत वाचून झालं हे नकाशा फाइलमध्ये लिहिलेलं असतं. म्हणून इमेज आणि नकाशा दोन्ही बाहेरच्या डिस्कवर ठेवा. पुन्हा तीच कमांड दिली की काम तिथूनच पुढे सुरू होतं. वाचताना डिस्क टकटक आवाज करू लागली किंवा गती अगदीच मंदावली, तर तिथेच थांबा. तो सॉफ्टवेअरचा प्रश्न नाही, आणि ती डिस्क कोणत्याही दुकानात टेबलावर उघडू देऊ नका.

इमेज हाती आली की फोटोरेक. तो टेस्टडिस्कच्याच पॅकेजमध्ये येतो. नावात फोटो असलं तरी तो शेकडो प्रकारच्या फायली ओळखतो. तो नावं किंवा उतारे बघतच नाही, थेट शेतातलं पीक ओळखतो. प्रत्येक प्रकारच्या फाइलच्या सुरुवातीला ठरावीक बाइट असतात, ते सापडले की तिथून पुढचा भाग तो उचलतो. त्याच्या फाइल-प्रकारांच्या यादीत सगळ्या खुणा काढून टाका आणि तीनच ठेवा: आवाजासाठी रिफ, फोटोंसाठी जेपीजी, आणि लिबरऑफिसच्या फाइलसाठी झिप. लिबरऑफिसची फाइल आतून झिपच असते. जागा विचारली की पूर्ण डिस्क नाही, फक्त मोकळी जागा निवडा, नाहीतर अजून शाबूत असलेल्या सिस्टिमच्या हजारो चित्रांचा ढीग होईल. निकाल बाहेरच्या डिस्कवर ठेवायचा. तो पाचशे-पाचशे फायलींची क्रमांकित फोल्डरं करत जातो, आणि फायलींना आकड्यांची नावं देतो.

तुमच्या रेकॉर्डिंगबद्दल मला आशा का वाटते ते आता सांगतो. वेव्ह फाइलच्या सुरुवातीलाच तिचा एकूण आकार लिहिलेला असतो, त्यामुळे फोटोरेकला ती नेमकी कुठे तोडायची ते कळतं. २८ जीबीत ३४० रेकॉर्डिंग म्हणजे सरासरी एक ८० एमबीच्या आसपास. एक्स्ट४ फायली शक्यतो सलग जागेत ठेवते, आणि एका सलग तुकड्याची मर्यादा १२८ एमबी आहे. कार्डावरून एकदम संगणकावर घेतलेल्या अशा फायली डिस्कवर एकसंध बसलेल्या असण्याची शक्यता चांगली असते. जी तुकड्यांत विखुरली असेल तिच्यात मध्येच खरखर किंवा दुसराच आवाज लागेल. ती टाकून देऊ नका. सुरुवातीच्या चार मिनिटांत दोन ओव्या तरी असतील.

ओव्या उतरवलेल्या फाइलचं गणित वेगळं आहे. लिबरऑफिसमध्ये दर वेळी जतन करताना फाइल नव्याने लिहिली जाते आणि जुनी प्रत मोकळ्या जागेत जाते. तीन वर्षं तुम्ही त्या फाइलवर काम केलंत, म्हणजे तिच्या कितीतरी जुन्या आवृत्त्या डिस्कभर विखुरलेल्या असतील. फोटोरेकच्या ढिगात ओडीटी, म्हणजे लिबरऑफिसच्या, फायली आकारानुसार लावा आणि सगळ्यात मोठ्यांपासून उघडत या. अगदी शेवटची आवृत्ती नाही मिळाली तरी आठवड्या-पंधरवड्यापूर्वीची मिळणं मला शक्य वाटतं. शिवाय घरच्या फोल्डरातल्या लपलेल्या कॉन्फिग फोल्डरात लिबरऑफिसचं बॅकअप फोल्डर असतं. बॅकअप प्रत ठेवण्याची सेटिंग चालू असेल तर तिथे एक प्रत पडलेली असेल.

काही टिपणं साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असतील तर फोटोरेकवर फार विसंबू नका, साध्या मजकुराला ठरावीक सुरुवात नसते. तिथे ग्रेप हा मजकूर शोधणारा प्रोग्रॅम कामाला येतो. अख्ख्या इमेजमध्ये एखादा नेमका शब्द शोधायचा. तुमच्या गावच्या देवाचं नाव घ्या, असं की जे दुसरीकडे येणार नाही. युनिकोडमधलं मराठी तो बरोबर शोधतो, कारण त्याच्या दृष्टीने ते ठरावीक बाइट असतात, दर अक्षरचिन्हाला तीन. पण टिपण श्रीलिपीत किंवा दुसऱ्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल तर असा शोध रिकामा येईल. तिथे पडद्यावर मराठी दिसत असलं तरी आत वेगळीच इंग्रजी चिन्हं साठवलेली असतात. तो शब्द त्या फॉन्टमध्ये टाइप करून, फॉन्ट बदलून, इंग्रजीत काय दिसतं ते बघा आणि ते शोधा.

नावांची यादी परत जमवायला दोन जागा आहेत. इमेज 'आरओ' आणि 'नोलोड' देऊन माउंट केली की घरच्या फोल्डरातल्या लपलेल्या कॅश फोल्डरात फोटोंच्या छोट्या प्रतिमा मिळतील, १२८ आणि २५६ पिक्सेलच्या. वाचण्याएवढ्या त्या मोठ्या नसतात, पण प्रत्येकीच्या आत मूळ फाइलचा पूर्ण पत्ता, नावासकट, लिहिलेला असतो. आणि मशीनवर लोकेट हा नावावरून फायली शोधणारा प्रोग्रॅम बसवलेला असेल तर त्याचा डेटाबेस रोज एकदा सगळ्या फायलींची नावं टिपून ठेवतो. चूक झाल्यानंतर तो पुन्हा चाललेला नसेल तर पुसण्याआधीची पूर्ण यादी तिथे आहे. गावाचं नाव, आज्जीचं नाव, तारीख, जे काही तुम्ही फाइलच्या नावात घातलं होतं ते. मशीन सुरू करू नका म्हणून सांगतो त्याचं हेही एक कारण आहे.

एक्स्ट४मॅजिक नावाचा आणखी एक प्रोग्रॅम आहे. तो जर्नलमध्ये राहिलेल्या जुन्या उताऱ्यांवरून नावासकट फायली जोडायचा प्रयत्न करतो. जर्नल लहान असतं आणि गोल फिरत पुन्हा पुन्हा लिहिलं जातं, त्यामुळे यश नशिबावर. एक संध्याकाळ त्याला द्या, जास्त नाही.

तुमच्यासारखी फिरती डिस्क नसून एसएसडी असलेल्यांसाठी चार ओळी. तिथे वेळ फार कमी असतो. मोकळे झालेले तुकडे कोणते हे सिस्टिम एसएसडीला कळवते, त्याला ट्रिम म्हणतात, आणि त्यानंतर तिथे बहुधा नुसती शून्यं मिळतात. उबंटूत हे काम आठवड्यातून एकदा आपोआप होतं, आणि ठरलेल्या वेळी मशीन बंद असेल तर पुढच्या वेळी सुरू केल्यावर होतं. म्हणून एसएसडीवर फाइल पुसली गेली तर मशीन बंद करा आणि त्यावरून पुन्हा सुरू करूच नका. मशीन बंद करण्याला अपवाद एकच: पुसलेली फाइल एखाद्या प्रोग्रॅममध्ये अजून उघडी असेल तर. लिबरऑफिसची खिडकी उघडी असेल तर ती बंद न करता पेनड्राइव्हवर 'सेव्ह अॅज' करा. गाणं वाजवणारा प्रोग्रॅम फाइल धरून बसला असेल, तर प्रॉक फोल्डरात त्या प्रोसेसच्या क्रमांकाखाली एफडी या फोल्डरात ती अजून जिवंत असते, तिथून कॉपी करता येते. कोणत्या पुसलेल्या फायली उघड्या आहेत ते एलएसओएफ सांगतो.

पुढे असं होऊ नये यासाठी तुम्ही विचारलंत. आरएमला प्रत्येक वेळी विचारायला लावणारं टोपणनाव बरेच जण सुचवतात. मला ते पटत नाही. माणसाला न वाचता 'हो' म्हणायची सवय लागते, आणि दुसऱ्याच्या मशीनवर ते टोपणनाव नसतं. त्यापेक्षा ट्रॅश-सीएलआय बसवा आणि पुसायला तेच वापरा, फाइल कचरापेटीत जाते. आणि तारका वापरायचीच असेल तर आधी तेच एलएस या यादी दाखवणाऱ्या कमांडला देऊन काय काय यादी येते ते बघा. टाइमशिफ्टवर विसंबू नका, तो सिस्टिमची प्रत ठेवतो, घरच्या फोल्डरातला तुमचा मजकूर मुळात धरत नाही, तसं सांगावं लागतं.

बॅकअप घेतलाय एवढं पुरत नाही, तो उघडून बघावा लागतो. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या मोठ्या कंपनीत एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचं फोल्डर पुसलं. सुमारे ३०० जीबीतून साडेचार जीबी उरलं. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या आणि त्या वेळी एकही नीट कामी आली नाही. वाचवलं ते सहा तासांपूर्वी सहज घेतलेल्या एका प्रतीने. त्यांनी हे सगळं उघडपणे लिहिलं, त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. तुम्ही एक प्रत गावात ठेवा, एक बेळगावात नातेवाइकांकडे, आणि दर सुगीनंतर दोन्हींतली पाच-सहा रेकॉर्डिंग खरोखर वाजवून बघा. प्रत्येक आज्जीची रेकॉर्डिंग तिच्या घरच्यांनाही द्या. ती त्यांचीच आहेत, आणि तुमची प्रत हरवली तर त्यांच्याकडून मागता येतील.

फोटोरेकच्या ढिगातून शेवटी तुमच्यासमोर आकड्यांची नावं असलेल्या तीनेकशे आवाजांच्या फायली असतील. कोणता आवाज कोणाचा, कोणत्या वाडीचा, हे संगणक सांगू शकणार नाही. छोट्या स्पीकरवर लावा आणि वाडीवर घेऊन जा. सुना आणि लेकी दोन ओळी ऐकून सांगतील, ही अमक्याची आज्जी, ही तिची जाऊ, मागे कोंबडा आरवतोय म्हणजे हे त्यांच्या पडवीतलं. वहीत फाइलचा आकडा आणि त्यांनी सांगितलेलं नाव समोरासमोर लिहित जा. दिवसाला वीस-पंचवीस होतील. घरी आल्यावर नावं बदलायची, पण ती मूळ ढिगावर नाही, त्याच्या प्रतीवर.